मुक्त फर्मवेअरची बांधणी : पवनेकाठच्या एका जलमापकाचे उदाहरण

पिंपरी-चिंचवड शहरास लागणाऱ्या पाण्याचा फार मोठा भाग पवना नदीतून मिळतो. मावळातील पवना धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून वाहत रावेतपर्यंत येते. तेथील बंधाऱ्याशी ते अडविले जाते आणि उपसा करून निगडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे पाठविले जाते. अशा ठिकाणी नदीची पातळी दर मिनिटास नोंदविणारे एक लहानसे यंत्र एखाद्या संशोधकाने उभे करावयाचे ठरविले, अशी कल्पना करू. पातळी मोजणारा श्राव्यातीत संवेदक बाजारात मिळतो. त्याने दिलेला आकडा घेणारा, त्यावर वेळेची मोहोर उमटविणारा आणि तो प्रयोगशाळेकडे पाठविणारा एक छोटा संगणक मात्र हवा. या कामास विभागाच्या अडगळीत पडलेला जुना वायफाय राउटर पुरेसा आहे. त्यात प्रोसेसर आहे, स्मृती आहे, रेडिओ आहे, यूएसबीचे द्वार आहे. आणि वीज तो फार थोडी खातो.

तथापि या राउटरला आज्ञा देणे हे त्याच्या मालकाच्या हाती नसते. यंत्राच्या फ्लॅश स्मृतीत कारखान्याने बसविलेली आज्ञावली, जिला फर्मवेअर असे म्हणतात, ती संवेदकाची ओळख ठेवीत नाही, नवा प्रोग्राम स्वीकारीत नाही आणि आत काय घडते आहे हे सांगतही नाही. काही वर्षांनी निर्माता तिची दुरुस्ती करणे थांबवितो. तेव्हा यंत्र धडधाकट असूनही निरुपयोगी होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, ज्ञात दोषांसह जाळ्याला जोडलेले राहते. संशोधनाच्या दृष्टीने प्रश्न याहूनही खोल आहे. ज्या यंत्राने मोजमाप घेतले त्याच्या आत आकड्यावर कोणते संस्कार झाले हे मोजणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर त्या मोजमापाला पुरावा म्हणता येईल काय? फर्मवेअर स्वतः जुळवून, स्वतः कंपाइल करून यंत्रावर चढविण्याचा उद्योग केवळ हौसेचा नव्हे, तो या प्रश्नाशी निगडित आहे.

असे करता येते याचे श्रेय एका परवान्यास द्यावे लागते. लिनक्स कर्नल ज्या ‘जीपीएल’ परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली वितरित होतो, ती आवृत्ती १९९१ सालची. कंपाइल केलेली आज्ञावली ज्याच्या हाती दिली त्याला तिची संपूर्ण मूळ संहिता मिळाली पाहिजे, आणि संपूर्ण संहितेत कंपाइल व स्थापना नियंत्रित करणाऱ्या लिप्याही मोडतात, असे तो परवाना स्पष्ट सांगतो. हा दुसरा भाग अनेकदा दुर्लक्षिला जातो. वस्तुतः तोच अधिक मोलाचा आहे. संहिता आहे पण ती कशी बांधावयाची हे ठाऊक नाही, ही स्थिती कुलूप आहे पण किल्ली नाही अशा घरासारखीच होय.

२००२ च्या अखेरीस लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी-५४जी हा राउटर बाजारात आला. त्यात लिनक्स चालतो हे २००३ मध्ये जाणकारांच्या ध्यानात आले, आणि परवान्याच्या अटींची आठवण करून दिल्यावर कंपनीने त्याच वर्षी संहिता खुली केली. तिच्या आधारे जानेवारी २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प सुरू झाला. पुढे २००५ मध्ये त्याच नावाच्या राउटरच्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने लिनक्स काढून दुसरी प्रणाली घातली आणि फ्लॅश स्मृती चार एमबीवरून दोन एमबीवर आणली. मात्र जुन्या घडणीचे ग्राहक इतके होते की ‘जीएल’ हे अक्षर जोडून लिनक्सचा राउटर वेगळा विकणे तिला भाग पडले. स्वस्तातील यंत्राची किंमत त्याच्या खुलेपणामुळे वाढते, याचे हे बोलके उदाहरण आहे. सर्वच निर्माते इतक्या सहजतेने वळले नाहीत. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये या परवान्याची अंमलबजावणी करण्याजोगी बाजू मान्य केली. अमेरिकेत ‘बिझीबॉक्स’ या संचाच्या कर्त्यांच्या वतीने २००७ पासून दावे दाखल झाले. आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोविरुद्ध २००८ च्या डिसेंबरात दाखल केलेला दावा पुढील वर्षी मे महिन्यात सामोपचाराने मिटला.

महाराष्ट्रात अशा मुक्त फर्मवेअरचा सर्वांत प्रगल्भ उपयोग पाहावयाचा तर रावेतहून उत्तरेस नारायणगावजवळच्या खोडद येथे जावे लागेल. तेथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. दुर्बिणीच्या नूतनीकरणात तबकड्यांकडून येणारे संदेश अंकरूपात आणण्यासाठी ‘रोच’ नावाचे बोर्ड वापरले गेले. त्यांचे आराखडे कॅस्पर या आंतरराष्ट्रीय सहकार्यातून आलेले व खुले आहेत. बोर्डावरील मुख्य गणिती काम व्हर्टेक्स-५ जातीची एफपीजीए चकती करते. पण तिच्यावर हुकमत ठेवण्यास शेजारी पॉवरपीसी कुलातील एक लहान प्रोसेसर असतो आणि त्यावर ‘बॉर्फ’ नावाचे लिनक्सचे विशेष रूप चालते. या रूपाची गंमत अशी की एफपीजीएमध्ये भरावयाचा आराखडा त्याला साध्या प्रोग्रामसारखा दिसतो; तो सुरू करता येतो, थांबविता येतो, त्याच्या नोंदवह्या फाईलीसारख्या वाचता येतात. कारखान्याच्या बंद फर्मवेअरवर विसंबून असे काही करता आले नसते. दुर्बीण आणि जलमापक यांच्यात खर्चाचे अंतर प्रचंड असले, तरी तत्त्वाचे अंतर नाही.

बांधणीच्या साधनांपैकी तीन आज सर्वाधिक प्रचारात आहेत. ‘बिल्डरूट’ हे २००१ च्या सुमारास लघु सी-ग्रंथालय रचणाऱ्या मंडळींकडून आले. एक संपूर्ण प्रतिमा बांधून देणे एवढेच त्याचे काम, यंत्रावर नंतर पॅकेज चढविण्याची सोय त्यात नसते. २०१० मध्ये जाहीर झालेला ‘योक्टो’ हा प्रकल्प अधिक विस्तृत व अधिक क्लिष्ट आहे. अनेक थरांच्या पाककृतींतून तो स्वतंत्र वितरणच निर्माण करतो; मोटारींसाठी २०१२ पासून चाललेला ‘ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स’ हा उपक्रम त्याच्यावरच उभा आहे, म्हणून चाकणच्या वाहन-उद्योगात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला त्याची ओळख आवश्यक ठरेल. तिसरे साधन ओपनडब्ल्यूआरटी. त्याची बांधणी-यंत्रणा आरंभी बिल्डरूटमध्येच फेरफार करून तयार झाली. पुढे ती इतकी बदलली की आज तिचे कूळ ओळखू येणे कठीण. राउटरांसाठी हेच साधन सोयीचे असल्याने पुढील विवेचन त्याला धरून केले आहे.

बांधणीस बसण्यापूर्वी यंत्राची मोजदाद करावयास हवी. चार एमबी फ्लॅश व बत्तीस एमबी रॅम असलेल्या यंत्रांसाठी तयार प्रतिमा देणे प्रकल्पाने काही वर्षांपूर्वीच बंद केले. प्रस्तुत उदाहरणात सोळा एमबी फ्लॅश, एकशे अठ्ठावीस एमबी रॅम आणि अ‍ॅथेरॉस कुलातील एमआयपीएस प्रोसेसर असलेला राउटर गृहीत धरला आहे. असे राउटर एकेकाळी पुष्कळ विकले गेले. फ्लॅशच्या पट्टीवर आरंभी बूटलोडर, मग कर्नल, मग मूळ फाईलव्यवस्था आणि शेवटी ‘एआरटी’ नावाचा चिमुकला विभाग, अशी साधारण रचना असते. या शेवटच्या विभागात त्या एकाच यंत्राच्या रेडिओची कारखान्यात घेतलेली मापे असतात. ती पुसली गेली तर जगात दुसरीकडे कोठेही त्यांची प्रत नसते आणि दुसऱ्या राउटरची मापे त्याला चालत नाहीत. बूटलोडर व एआरटी यांची प्रत पहिल्याच दिवशी काढून ठेवणे हा नियम येथे कसोशीने पाळावा लागतो, तो यामुळे.

मूळ फाईलव्यवस्था ‘स्क्वॉशएफएस’ या दाबून भरलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या स्वरूपात असते. तिच्यावर ‘जेएफएफएस-२’ या लिहिता येणाऱ्या व्यवस्थेचे पारदर्शक आवरण असते. वापरकर्त्याला दोन्ही मिळून एकच दिसतात. एखादे पॅकेज प्रतिमेतच घातले तर ते घट्ट दाबले जाऊन कमी जागा घेते. तेच मागाहून चढविले तर आवरणात अधिक जागा खाते. शिवाय प्रतिमेतील पॅकेज मागाहून काढून टाकले तरी जागा मोकळी होत नाही, त्यावर ‘नाही’ अशी केवळ खूण पडते. जे नेहमी लागणार ते प्रतिमेत घालावे आणि जे नको ते बांधणीच्या वेळीच वगळावे, हा शिरस्ता यातून आला आहे.

बांधणीसाठी लिनक्सचा साधा संगणक, दहा-पंधरा जीबी मोकळी जागा आणि धीर एवढे साहित्य लागते. मूळ संहिता गिट भांडारातून घ्यावी व लगेच एका प्रकाशित आवृत्तीच्या खुणेवर स्थिर करावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये निघालेली २४.१०.० ही अशीच एक आवृत्ती. सतत बदलणाऱ्या विकासशाखेवर प्रबंधाची इमारत रचणे धोक्याचे असते. मुख्य भांडारात फक्त गाभा असतो. बाकी हजारो पॅकेजांच्या पाककृती ‘फीड’ म्हणविल्या जाणाऱ्या वेगळ्या भांडारांत असतात आणि त्या मागवून घ्याव्या लागतात. ही सर्व कामे साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून करावीत, मूलाधिकार घेऊन करू नयेत. आणि निर्देशिकेच्या नावात रिकामी जागा नसावी. नियम बालिश वाटतात, पण नवख्यांची पहिली संध्याकाळ बहुधा येथेच खर्ची पडते.

मग येते ‘मेक मेन्युकॉन्फिग’. या आज्ञेने उघडणाऱ्या सूचीत प्रथम प्रोसेसरकुल, मग उपकुल, मग नेमके यंत्र निवडावयाचे असते. हा क्रम बदलून चालत नाही, कारण यंत्र निवडताच त्याच्या गरजेची पॅकेजे आपोआप निवडली जातात व आधी केलेल्या काही निवडी पुसल्या जातात. प्रत्येक पॅकेजास तीन अवस्था संभवतात : तारांकित असल्यास ते प्रतिमेत बसते, ‘एम’ असल्यास कंपाइल होते पण स्वतंत्र गठ्ठा म्हणून बाहेर राहते, आणि रिकामे असल्यास त्याचा विचारच होत नाही. जलमापकासाठी संवेदकाच्या यूएसबी-सिरीअल जोडणीचे कर्नल-मॉड्यूल, मॉडबस भाषेचे ग्रंथालय आणि आकडे पाठविणारा एमक्यूटीटीचा लहान ग्राहक एवढे तारांकित करावे. छपाईयंत्रे, चित्रपट प्रसारण इत्यादींचा मोह आवरावा.

यानंतर ‘मेक’ म्हणताच प्रत्यक्ष काम सुरू होते, आणि त्याचा क्रम समजून घेण्याजोगा आहे. बांधणाऱ्या संगणकाचा प्रोसेसर एका जातीचा, राउटरचा दुसऱ्या. म्हणून येथल्या संगणकावर चालणारा पण तेथल्या प्रोसेसरची भाषा लिहिणारा कंपाइलर आधी तयार करावा लागतो. प्रथम यजमान संगणकाची हत्यारे, मग जोडणीची साधने, मग जीसीसी कंपाइलर व ‘मसल’ हे सी-ग्रंथालय, त्यांच्या साहाय्याने कर्नल, मग एकेक पॅकेज आणि अखेर प्रतिमा, असा हा प्रवास आहे. पहिल्या खेपेस त्याला एखादा तास ते अर्धा दिवस लागतो. पुढील खेपा थोडक्यात उरकतात. चूक झाली तर अनेक धाग्यांवर चाललेल्या बांधणीचा खरा संदेश गर्दीत हरवतो. तेव्हा एकच धागा ठेवून व संदेश सविस्तर मागवून बांधणी पुन्हा चालवावी, म्हणजे दोष जेथे घडला तेथेच थांबलेला सापडतो.

स्वतःचा प्रोग्राम पॅकेजरूपात आणणे हा या विषयाचा गाभा होय. प्रत्येक पॅकेजास एक मेकफाईल असते. तीत नाव, आवृत्ती, संहिता कोठून आणावयाची तो पत्ता, त्या संहितेचे २५६ बिटांचे ठसामूल्य, अवलंबित्वे, कंपाइल करण्याची रीत आणि तयार झालेल्या फाईली यंत्रावर कोठे ठेवावयाच्या ते स्थान, एवढे सांगितले की काम झाले. सगळी मिळून तीस-चाळीस ओळी. संपूर्ण प्रणाली न बांधता एवढे एकच पॅकेज कंपाइल करावयाचे असल्यास प्रकल्प तयार कंपाइलरसह ‘एसडीके’ पुरवितो; आणि काहीही कंपाइल न करता तयार गठ्ठ्यांची केवळ निवड बदलावयाची असल्यास ‘इमेज बिल्डर’ मिळतो. अनेकांची गरज या दुसऱ्यानेच भागते, हे सांगितले पाहिजे. अवघड मार्गच विद्वत्तेचा असतो असे नाही.

यंत्र बदलल्याने प्रोग्राम कोठे फसतो याची दोन उदाहरणे घेण्यासारखी आहेत. गृहीत धरलेला प्रोसेसर मोठा अंक आधी लिहिणाऱ्या पद्धतीचा आहे. प्रयोगशाळेतील संगणक बहुधा लहान अंक आधी लिहितो. राउटरने ३०० सेंटीमीटर ही पातळी दोन बाइटांत जशीच्या तशी लिहून पाठविली आणि संगणकाने ती आपल्या रीतीने वाचली, तर आकडा ११,२६५ होतो. पवनेला शंभर मीटरहून अधिक उंचीचा पूर आल्याची नोंद होते. ही चूक इतकी ढोबळ आहे की ती लगेच कळते. पण २५७ हा आकडा दोन्ही पद्धतींनी २५७ च वाचला जातो, आणि परीक्षणासाठी नेमका असा आकडा निवडणारा मनुष्य निर्धास्त राहतो. आकडे मजकुराच्या रूपाने पाठवावेत किंवा बाइटांचा क्रम प्रोग्राममध्ये स्पष्ट नेमून द्यावा. दुसरी गोष्ट अपूर्णांकांची. या प्रोसेसरांत दशांश-गणिताचे स्वतंत्र मंडल नसते. ते गणित आज्ञावलीने करावे लागते व संथ चालते. पातळी मीटरऐवजी मिलिमीटरच्या पूर्णांकात ठेवली की प्रश्नच मिटतो.

घड्याळाची बाब याहून गंभीर आहे. बहुतेक राउटरांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज जाऊन आली की यंत्राला आपली वेळ ठाऊक नसते. ओपनडब्ल्यूआरटी आपल्या फाईलींतील सर्वांत अलीकडची तारीख घेऊन तेथून चालू लागते आणि जाळ्यावरून खरी वेळ मिळाल्यावर दुरुस्ती करते. मधल्या काळातील नोंदी दिसावयास नीटनेटक्या, पण काळाने चुकलेल्या असतात. पावसाळ्यात वीज जाणे, जाळे तुटणे आणि नदी चढणे या तिन्ही गोष्टी बहुधा एकाच रात्री घडतात, म्हणजे ज्या रात्रीची नोंद सर्वांत मोलाची तीच सर्वांत अविश्वसनीय ठरते. वेळ जुळेपर्यंतच्या नोंदींवर वेगळी खूण करणे किंवा पाच-पन्नास रुपयांची घड्याळ-चकती जोडून तिचे मॉड्यूल प्रतिमेत घालणे, हे दोन उपाय आहेत. भारतीय प्रमाणवेळ लिहिण्याची तेथील रीतही फसवी आहे : ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास असलेली वेळ त्या पद्धतीत ‘आयएसटी’पुढे उणे चिन्ह घालून लिहावी लागते. अधिक चिन्ह घातले तर नोंदी अकरा तासांनी मागे जातात.

फ्लॅश स्मृतीचे आयुष्यही मोजूनमापून खर्च करावे लागते. तिचा एक खंड साधारणतः एक लक्ष वेळा पुसता येतो. दिवसाच्या १,४४० नोंदींसाठी एकच खंड प्रत्येक वेळी पुसला गेला तर तो सुमारे सत्तर दिवसांत निकामी होईल. जेएफएफएस-२ हा भार सर्व खंडांवर वाटून देते, त्यामुळे प्रत्यक्ष हानी पुष्कळ कमी होते. तरीही नोंदी रॅममध्ये साठवून तासातासाने पाठविणे शहाणपणाचे. त्याची किंमत म्हणजे वीज गेल्यास जास्तीत जास्त एका तासाच्या नोंदी हरविणे. ही निवड संशोधकाने स्वतः करावयाची आहे. कारखान्याच्या फर्मवेअरमध्ये ती कोणीतरी आधीच, न सांगता केलेली असते.

कर्नल-मॉड्यूलांविषयी एक इशारा आवश्यक आहे. ओपनडब्ल्यूआरटी कर्नलच्या संपूर्ण जुळणीवरून एक ठसा काढते व प्रत्येक मॉड्यूल त्या ठशाशी बांधलेले असते. स्वतः कंपाइल केलेल्या कर्नलमध्ये एक पर्याय जरी बदलला तरी ठसा बदलतो, आणि प्रकल्पाच्या अधिकृत भांडारातील मॉड्यूले त्यावर चढेनाशी होतात. नवख्याला हा अन्याय वाटतो. जबरदस्तीने मॉड्यूल चढविण्याचे सल्लेही मिळतात. ते मानू नयेत. ठसा वेगळा म्हणजे आतील रचनांची मापे वेगळी असण्याचा संभव, आणि तसे मॉड्यूल चढविले तर यंत्र कोणत्या क्षणी कोलमडेल याचा नेम नाही. लागणारी मॉड्यूले एकाच बांधणीत तयार करून घ्यावीत.

तयार प्रतिमा दोन असतात. एक कारखान्याच्या मूळ फर्मवेअरमधून प्रथमच चढवावयाची, दुसरी पुढील सुधारणांसाठी. चढविताना वीज गेली तर यंत्र ‘वीट’ होते, असे या धंद्यातले लोक म्हणतात. बूटलोडर शाबूत असेल तर ही वीट पुन्हा यंत्र होऊ शकते : अनेक राउटर विशिष्ट बटण दाबून सुरू केल्यास टीएफटीपीने नवी प्रतिमा मागतात. ते न जमल्यास पेटी उघडून मंडलावरील सिरीअल टोकांना तारा जोडाव्या लागतात. तेथील वेग बहुधा १,१५,२०० बॉड आणि विद्युत्दाब ३.३ व्होल्ट असतो. पाच व्होल्टचा जोड लावणारे विद्यार्थी दरवर्षी निघतात आणि वीट कायमची होते. रेडिओच्या जुळणीत देश म्हणून भारतच निवडावा. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात २००५ मध्ये व ५ गिगाहर्ट्‌झमधील पट्टे २०१८ मध्ये ठराविक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाले. फर्मवेअर स्वतःचे आहे म्हणून त्या मर्यादा सैल होत नाहीत.

संहिता उघडी आहे म्हणून ती निर्दोष आहे, असा एक समज आढळतो. तो टिकत नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या ‘ओपीकेजी’ या पॅकेज-व्यवस्थापकात फेब्रुवारी २०१७ मध्ये एक दोष शिरला. पॅकेजांची यादी स्वाक्षरीने सुरक्षित होती आणि यादीत प्रत्येक पॅकेजाचे ठसामूल्यही होते. परंतु त्या मूल्याआधीच्या एका रिकाम्या जागेमुळे ते वाचणारी संहिता गोंधळत असे आणि पडताळणी मुकाट्याने टाळली जात असे. वाटेत बसलेल्या मनुष्याला तेवढ्याच आकाराचे बनावट पॅकेज पुढे करणे शक्य होते. हा दोष २०२० च्या आरंभी गिडो व्रँकेन या संशोधकाच्या नजरेस आला व १८.०६.७ आणि १९.०७.१ या आवृत्त्यांत दुरुस्त झाला. कुलूप होते, किल्ली होती, फक्त ते लागत नव्हते; आणि जवळजवळ तीन वर्षे कोणी दार ढकलून पाहिले नव्हते. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रकल्पाच्या विकासशाखेने ओपीकेजी सोडून ‘एपीके’ हा दुसरा व्यवस्थापक स्वीकारला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणखी एक प्रकरण घडले. मागणीनुसार प्रतिमा बांधून देणाऱ्या सेवेत मागणीची ओळख पटविण्यासाठी ठसामूल्याची केवळ पहिली बारा अक्षरे, म्हणजे ४८ बिट, वापरली जात असल्याचे आढळले. एवढ्या आखूड ठशाची जुळी मागणी शोधणे आजच्या संगणकांना अवघड नाही; जोडीला आज्ञा घुसविण्याचा दुसरा दोष होता. दोन्ही मिळून एकाची प्रतिमा दुसऱ्याच्या हाती देणे संभवनीय होते. सूचना मिळताच दुरुस्ती झाली.

याहून अस्वस्थ करणारे उदाहरण मार्च २०२४ मधले. ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या दाबणी-ग्रंथालयाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार आढळले. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरप्रवेशास लागणाऱ्या अर्ध्या सेकंदाच्या अधिक विलंबावरून संशय आला. या प्रकरणाचा फर्मवेअर बांधणाऱ्याने घ्यावयाचा बोध असा : चोरदार उघडणारी ओळ गिटमधील संहितेत नव्हती, ती वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातील एका बांधणी-लिपीत होती. ज्यांनी संहिता वाचली असती त्यांना ती दिसली नसती. ती आघात करी तो एक्स-८६ जातीच्या विशिष्ट यंत्रणांवर. पवनेकाठचा एमआयपीएस राउटर त्यातून सुटला असता, पण तो केवळ योगायोगाने. केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्यूरिंग व्याख्यानात कंपाइलरवरील विश्वासाचा हाच प्रश्न मांडला होता. त्यावर पूर्ण उपाय नाही. जवळचा उपाय म्हणजे एकच संहिता दोन ठिकाणी, दोन संगणकांवर बांधून दोन्ही प्रतिमा बिटागणिक सारख्या निघतात काय हे पाहणे. त्यासाठी प्रतिमेत शिरणारी बांधणीची तारीख, वेळ व निर्देशिकेचे नाव काढून टाकावे लागते. डेबियन प्रकल्पात २०१३ पासून या दिशेने पद्धतशीर काम सुरू झाले आणि ओपनडब्ल्यूआरटीनेही ती रीत उचलली आहे. रावेतमध्ये एक व गणेशखिंडीत एक, असे दोन विद्यार्थी हा प्रयोग एका आठवड्यात करू शकतील.

यूरोपीय संघाचा सायबर-लवचिकतेविषयीचा कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला असून त्याच्या मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाच्या आहेत. यंत्रात कोणकोणते सॉफ्टवेअर-घटक आहेत याची यादी ठेवणे व आधाराच्या काळात दोष दुरुस्त करीत राहणे त्याने निर्मात्यांवर बंधनकारक केले आहे. तिकडे माल पाठविणाऱ्या लहान कारखान्यांना, ज्यांच्या यंत्राचे फर्मवेअर कोणा तिसऱ्याने कधीकाळी बांधून दिले आणि ज्याची जुळणीची फाईल आज कोणापाशीच नाही, हा कायदा जड जाईल. अशा कारखान्यांना पदव्युत्तर विद्यार्थ्याचे एक सत्र उपयोगी पडू शकते, आणि विद्यार्थ्यालाही पुस्तकी प्रश्नापेक्षा ते अधिक शिकवील.

मराठीच्या दृष्टीनेही येथे एक काम आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या ‘लुसी’ या संगणक-पटलाची भाषांतरे स्वतंत्र पॅकेजे म्हणून बांधली जातात व त्यांत मराठीचेही पॅकेज आहे. मेन्युकॉन्फिगच्या सूचीत ते तारांकित केले की राउटरचे पटल मराठीत उघडते. भाषांतराच्या फाईली साध्या मजकुराच्या असतात आणि त्या सुधारण्यास प्रोग्रामिंग यावे लागत नाही. ‘गेटवे’, ‘लीज’, ‘ब्रिज’ यांसाठी कोणते शब्द रूढ करावेत, की तेच शब्द देवनागरीत ठेवावेत, यावर भाषा-विभाग व संगणक-विभाग एकत्र बसले तर परिभाषाकोशातील चर्चेपेक्षा निर्णय लवकर होतील, कारण शब्द पटलावर कसा दिसतो हे त्याच दिवशी पाहता येते.

प्रबंधासोबत फर्मवेअर दाखल करताना प्रतिमेची फाईल एकटी देऊन भागत नाही. मूळ संहितेची आवृत्ती-खूण, प्रत्येक फीडचा नेमका गिट-ठसा, मूळ जुळणीपासून बदललेल्या पर्यायांची लहान फाईल (ती काढून देणारी लिपी भांडारातच असते), स्वतःच्या पॅकेजाची मेकफाईल व संहिता, आणि प्रतिमेत घातलेल्या जुळणीच्या फाईली एवढे हवे. पासवर्ड व खाजगी किल्ल्या मात्र त्यातून आधी काढाव्यात. हे विसरले जाते. बांधणीच्या वेळी उतरविलेले सर्व मूळ गठ्ठे ज्या ‘डीएल’ निर्देशिकेत जमतात तिचीही प्रत ठेवावी. मेकफाईलीतले पत्ते काही वर्षांत मरतात, आणि एका गठ्ठ्याअभावी साऱ्या प्रतिमेची बांधणी अडते. निर्देशिका काही जीबींची असते; विभागाच्या ग्रंथालयात एखाद्या जुन्या तबकडीवर ती सहज मावेल.